ताई सांगते तो सिनेमा

माझ्या थोरल्या बहिणीची नजर जात होती, आणि ती रोज सकाळी नातीला स्कूटरवर पुढे उभी करून करंजाड्याहून पनवेलला शाळेत सोडत होती. हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट रंगवत न्यावी आणि शेवटी पोतडीतून काढावी अशी ही बाब नाही, आणि मला ते जमतही नाही. आमच्या घरात गोष्ट सांगायचं काम ताईचं. मी फार तर मधेमधे हुंकार देणारा. बायकोच्या मते तोही चुकीच्या जागी.

नजर जाते आहे हे आम्हां कुणाला माहीत नव्हतं. ताईलाही नाही. ते बाहेर पडलं भाऊबीजेच्या दुपारी, अवकाशातल्या एका जुन्या सिनेमामुळे. हा सिनेमा आमचं कुटुंब चाळीसएक वर्षं आवाज बंद करून बघत आलं आहे.

आवाज बंद का, ते सांगायला हवं. आम्ही मूळचे जासईचे. मी शाळेत असताना शेजारी सत्यनारायण होता आणि पूजेनंतर मंडळींना धार्मिक सिनेमा दाखवायचा म्हणून भाड्याने व्हिडिओ आणला होता. व्हिडिओवाल्याने कॅसेट दिली भलतीच. पडद्यावर काळंभोर आभाळ, त्यात चांदण्या, आणि त्यांच्यामधून सावकाश सरकत येणारं एक लांबट यान. पुढे बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. "धार्मिकच हाय," एक दुसरीला म्हणाली. मग यानातली माणसं इंग्रजी बोलायला लागली आणि मंडळी उठायला लागली. व्हिडिओवाला केव्हाच निघून गेला होता. यजमान प्रसादाचा द्रोण हातात धरून नुसते उभे. तेव्हा आठवी-नववीतली ताई पुढे गेली, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला, शेजारी स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बसा सगळे. मी सांगते."

तिला तेव्हा मला आज येतं तेवढंच इंग्रजी येत होतं, म्हणजे नव्हतं. पण तिने सिनेमा सांगितला. यानाचा कप्तान झाला होडीवरचा तांडेल. यंत्रं दुरुस्त करणारी बाई झाली वहिनी, कारण घरात जे जे बिघडतं ते शेवटी तिच्याच पुढ्यात येतं. पत्र्याचा यंत्रमाणूस झाला जावई. तो चकचकीत असतो, ताठ चालतो, कामाला हात लावत नाही आणि त्याला ओरखडा येऊ नये म्हणून अख्खं घर जपत असतं. पाठलाग करणाऱ्या शत्रूला मात्र तिने नाव दिलं नाही. त्याला ती नुसतं 'ते' म्हणायची. "ते अजून लांब आहे." "ते वळलं." "त्याला वास लागला." सत्यनारायणाच्या मांडवात इतकी शांतता मी त्याआधी पोथी चालू असतानाही ऐकली नव्हती.

तेव्हापासून दर भाऊबीजेला जेवणं झाली की हा सिनेमा लागतो, ताई स्टुलावर बसते आणि आवाज बंद होतो. कॅसेट गेली, सीडी आली, सीडीही गेली. मधे एकदा हाच सिनेमा हिंदी बोलणारा मिळाला म्हणून मी हौसेने लावला. दहा मिनिटांत जासईच्या काकीने विचारलं, "हा कोनता लावलास रे? आपला नाय हा." वहिनी तिथे इंधनाच्या टाकीबद्दल काहीतरी बोलत होती. ताईच्या सिनेमात ती त्या जागी तांडेलाला विचारते, की इतकी वर्षं या डबड्यात तुझ्यासोबत काढली, माझ्या माहेरी एकदा तरी यान वळवलंस का? खरा सिनेमा त्यापुढे फिका पडला. मी तो गुपचूप बंद केला.

लोक विचारतात की एवढा जुना सिनेमा, पुठ्ठ्याची यंत्रं, दोरीला टांगलेली यानं, त्यात बघायचं काय? मला वाटतं, त्यातली भीती म्हातारी झालेली नाही. हल्लीच्या सिनेमात पहिल्या पाच मिनिटांत इतकं काही फुटतं की पुढे घाबरायला काही शिल्लक राहत नाही. या सिनेमात मधे एक प्रसंग आहे, त्याला आम्ही 'गप्प बसायचा सीन' म्हणतो. यानाचं इंजिन बंद पडतं. तांडेल दिवे घालवतो. सगळे अंधारात श्वास धरून बसतात, कारण 'ते' जवळपास कुठेतरी आहे आणि आवाज झाला तर त्याला कळेल. मग बराच वेळ काहीच होत नाही. पडद्याच्या मधोमध ते एवढंसं यान आणि बाजूला रिकामा काळोख, एवढंच. घरात त्या वेळी कुणी चकली मोडत नाही. मोडली तर ताई नुसती बघते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला बायकोच्या हातातली बांगडी वाजली होती, तर काकीने तिला दटावलं, "गप बस गो, आयकल ना ता."

यंदाची भाऊबीज करंजाड्याला, ताईकडे होती. ताई तिथे मुलाकडे राहते. माझा भाचा आणि त्याची बायको दोघं नोकरीला, सकाळीच बाहेर पडतात, त्यामुळे पहिलीतल्या नातीची शाळा ताईच्या अंगावर. तिला त्याचा अभिमान. साठीला टेकलेली बाई ट्रेलर आणि डंपरच्या रस्त्यावरून स्कूटर चालवते, ही गोष्ट ती पाहुण्यांना फराळाआधी वाढते. मला स्कूटर येत नाही. मी शिकायला गेलो होतो, पण स्कूटरचं आणि माझं पटलं नाही.

त्या दिवशी खाली लावलेल्या तिच्या स्कूटरचा डावा आरसा तुटलेला दिसला.

"काय ग, आरसा कुठे ठेवलास?"

"गेटच्या खांबाने घेतला."

"खांब चालत आला का?"

"तू गप बस. तुझी सायकल तरी कधी खांबाला न विचारता गेली होती?"

सगळे हसले. ओवाळायला वळताना तिच्या कोपराने काकीचं पाण्याचं भांडं उडालं, तेव्हाही हसले. "आमाला बसायला जागा देतस का आंघोल घालतस?" काकी म्हणाली. ताईच्या दंडावर हिरवटकाळा डाग होता. "दाराची चौकट," ती म्हणाली. मी म्हटलं, घर नवीन आहे, चौकटींना अजून तुझी ओळख पटलेली नाही. माझ्या विनोदांचं असं आहे, ते चटकन सुचतात आणि त्यांच्याआड काय आहे ते मला दिसत नाही.

जेवणं झाली. भाच्याने भिंतभर टीव्ही घेतला होता आणि तो कधी एकदा दाखवतो असं त्याला झालं होतं.

"मामा, यंदा नवीन प्रत आहे. सगळं चित्र साफ केलंय, आणि कॉम्प्युटरवर काही सीन नवे घातलेत."

"कशाला? म्हाताऱ्याला कलप लावल्यासारखं दिसेल."

बायकोने माझ्या डोक्याकडे बघितलं.

ताई टीव्हीच्या अगदी जवळ, तिच्या स्टुलावर. नात तिच्या पायाशी. काकी खुर्चीत, आम्ही बाकीचे खाली. आवाज बंद झाला आणि ताईने सुरुवात केली. चित्र खरंच साफ होतं. जावयाच्या पत्र्यावरचे स्क्रू मोजता येत होते. वहिनीच्या कपाळावरचा घाम मी पहिल्यांदाच पाहिला. ताई रंगात होती. तांडेलाने यान वळवलं, वहिनीने माहेर काढलं, जावई रुसला. मग गप्प बसायचा सीन आला.

"आता इंजिन बंद," ताई हळू आवाजात म्हणाली. "दिवे बंद. तांडेल म्हणतो, कुणी शिंकलं तर बाहेर फेकीन. जावयालाही सोडणार नाही."

मधोमध ते एवढंसं यान. दोन्हीकडे काळोख.

"आजूबाजूला कुणी नाही. कोसावर कोस जा, कुणी नाही."

आणि पडद्याच्या डाव्या कडेने एक काळी, टोकदार वस्तू आत सरकली.

आमच्या सिनेमात ती नव्हती. तिच्यावर एकही दिवा नव्हता, मागच्या चांदण्या झाकल्या गेल्या म्हणून ती दिसली. मग उजवीकडून तशीच एक. मग डावीकडे तिच्या मागे आणखी. त्या रांगेने येत होत्या, अजिबात घाई न करता, दोन्ही बाजूंनी त्या यानाकडे. नवीन प्रत काढणाऱ्यांना बहुधा रिकामा काळोख पुरेसा वाटला नसावा.

"कुणी नाही," ताई सांगत होती. "तांडेल कान देतो. काही नाही."

"आजी, आले ते," नात म्हणाली.

"कुठे आलं? अजून वेळ आहे त्याला."

"हे काय, इकडे. आणि इकडून पण."

"अगो, ती पोर खरा सांगते," काकी म्हणाली. "चिक्कार हायत."

"काकी, तुम्हीपण? इतकी वर्षं मी सांगते आहे. कुणी नाही म्हणजे नाही."

भाचा हसायला लागला. त्याला वाटलं, आई मुद्दाम करते आहे, नव्या सीनची फिरकी घेते आहे. माझी बायको हसली. मीही हसलो. ताई सरळ समोर, पडद्याच्या बरोबर मध्यावर बघत होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पडदा भरत चालला होता.

नात उठली आणि टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आजी, हे."

ताईने मान वळवली. डोळे फिरवून भागलं असतं, पण तिने अख्खी मान वळवली, त्या बोटाचा शोध घेत. बोट सापडलं. त्याच्या शेजारचं सापडलं. "अरे," ती म्हणाली. मग म्हणाली, "आत्ता आले वाटतं." आणि परत मध्यावर बघून पुढे सांगायला लागली.

ते आत्ता आले नव्हते.

मी करंजीची बशी घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसलो. एक करंजी उचलून तिच्या कानाच्या रेषेत धरली आणि हळूहळू पुढे नेऊ लागलो. ती बोलत राहिली. करंजी गालाच्या पुढे गेली तरी बोलत राहिली. अगदी नाकासमोर आली तेव्हा दचकली.

"मेल्या, नाकात घालतोस का?"

सगळे खदखदून हसले. मीही सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो आणि करंजी खाऊन टाकली. ती गोड होती की नाही, मला सांगता येणार नाही.

सिनेमा संपल्यावर मी तिला आणि भाच्याला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, ताई, तुझे डोळे दाखवायला हवेत.

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"बाजूचं दिसत नाहीये तुला."

तिने फळीवरचा डबा काढला, सुई घेतली, दोरा घेतला आणि माझ्या नाकासमोर पहिल्या फटक्यात ओवला. "घे. आता तू ओव."

मला दोनदा थुंकी लावूनही जमलं नाही. भाचा हसू दाबत म्हणाला, "मामा, आई रोज गाडी चालवते. काही असतं तर कळलं नसतं का?"

"गाडीचं मला सांगू नका," ताई म्हणाली. "त्रास असेल तर तो त्या ट्रेलरवाल्यांचा. पूर्वी लांबून दिसायचे. हल्ली मेले एकदम शेजारी उगवतात. काही नसतं, काही नसतं, आणि एकदम कानाशी चाक."

भाच्याचं हसू तिथेच थांबलं. बाहेर त्याची मुलगी काकीला सांगत होती, की शाळा उघडली की ती स्कूटरवर पुढे उभी राहून हॉर्न वाजवणार आहे. दिवाळीची सुट्टी संपायला थोडेच दिवस उरले होते.

ताईला डॉक्टरकडे नेणं म्हणजे जावयाला अंगणात झाडू मारायला लावणं. भाच्याने सांगून पाहिलं, सुनेने सांगून पाहिलं. ती सुई ओवून दाखवायची. शेवटी मी माझ्या स्वभावाचा उपयोग केला. तिला फोन करून म्हटलं, मला डोळे तपासायचेत, पण भीती वाटते, तू सोबत येशील का? भीती हे माझ्या बाबतीत सर्वांना पटण्यासारखं कारण आहे. ती लगेच तयार झाली. "स्कूटरवर येते, मागे बस." मी म्हटलं, माझ्या वजनाने तुझी स्कूटर मागच्या चाकावर उभी राहील. मग रिक्षाने गेलो. रस्त्यात तिच्या बाजूने एक डंपर रिक्षाला चिकटून पुढे गेला. तिने मान वळवली तेव्हा तो निघून गेला होता.

पनवेलच्या त्या दवाखान्यात आधी माझे डोळे तपासले. डॉक्टरांनी सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढलाय आणि बाकी सगळं ठीक आहे. ताई म्हणाली, "बघ, उगाच घाबरतोस." मग डॉक्टर म्हणाले, आल्याच आहात तर तुमचेही बघू. मी त्यांना आधी फोन करून ठेवला होता. त्यांनी दिव्याने आत बघितलं, डोळ्यांचा दाब मोजला, पुन्हा मोजला. 

"काचबिंदू दिसतोय," ते ताईला म्हणाले. "यात मधलं शेवटपर्यंत चांगलं दिसतं. बाजूचं आधी जातं, आणि हळू जातं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं औषधाने राखता येतं. किती उरलंय, ते मोजून घेऊ."

ताईने माझ्याकडे बघितलं. घाबरायची पाळी कुणाची होती, ते तिला कळलं असावं. 

मोजायची खोली अंधारी होती. पांढऱ्या परातीसारखं एक खोलगट यंत्र, त्यात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा आणि समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची. परातीत कधी इथे, कधी तिथे एक बारीक उजेड लागतो आणि विझतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. तपासणी करणाऱ्या मुलीने हे सगळं नीट समजावलं. मी मागे खुर्चीवर बसलो.

ताईने बटण दाबायला सुरुवात केली. टक, टक, टक. न अडखळता, एका लयीत. मला धीर आला. इतकं दिसतंय म्हणजे फार काही गेलेलं नाही. मग मुलीने यंत्र थांबवलं.

"आजी, उजेड लागायच्या आधीच दाबताय तुम्ही."

"पुढे काय येणार ते कळतं की."

"कळून चालणार नाही. दिसलं तरच दाबायचं. असं केलंत तर हे यंत्र म्हणणार की तुम्हाला सगळं दिसतंय, आणि डॉक्टर चुकीचं औषध देतील."

"आणि खरं दाबलं तर काय म्हणेल?"

 मुलीने माझ्याकडे बघितलं. मला खरं तर काहीतरी विनोद करायचा होता. माझ्या तोंडून निघालं, "ताई, ती पोर पुढे उभी असते."

 ताईने साडीच्या पदराने हनुवटी टेकायची जागा पुसली, हनुवटी परत ठेवली आणि म्हणाली, "लाव."

मी जिथे बसलो होतो तिथून, तिच्या खांद्यावरून, परातीची डावी कड मला दिसत होती. तिथे उजेड लागला. ताईचा अंगठा हलला नाही. उजेड विझला. मधे कुठेतरी लागला असावा, टक झालं. पुन्हा कडेला लागला, या वेळी थोडा जास्त, ठळक. अंगठा हलला नाही. आणखी वर एक, आणखी खाली एक. मला ते सगळे दिसत होते आणि मी बोलू शकत नव्हतो. टक एकदा झालं की पुढचं टक यायला इतका वेळ जायचा, की मला वाटायचं, यंत्र बंद पडलं. यंत्र चालू होतं. उजेड लागत होते.

"लागतोय का ग?" मधेच तिने विचारलं.

"बोलू नका आजी. समोर बघा."

ती समोर बघत राहिली. दुसऱ्या डोळ्याचंही तसंच झालं. दिवा लावून मुलगी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेली. जाताना मला त्या कागदावर दोन वर्तुळं दिसली, जवळजवळ पूर्ण काळी. प्रत्येकाच्या मधे थोडी पांढरी जागा उरली होती.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. ताईने पर्समधून फोन काढला, नंबर सहज शोधला आणि भाच्याला लावला.

"शाळेला रिक्षा ठरव. ... हो, पोरीच्या. ... सोमवारपासूनच. ... का म्हणजे काय, ठरव म्हटलं ना. आणि स्कूटरची किल्ली फ्रिजवर आहे, ती उचलून ठेव. मला सापडेल अशा जागी नको."

फोन ठेवून ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली. आतून तिला हाक आली. ती उठली नाही.

"तू जा," ती म्हणाली. "काय म्हणतात ते ऐकून ये. आणि बाहेर येऊन मला सांग, मधलं काही न गाळता."

मी उठलो. एवढी मोठी गोष्ट सांगायचं काम तिने मला पहिल्यांदाच दिलं होतं. दाराशी जाऊन मागे वळून पाहिलं. एक बाई तिच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून बसायला येत होती, आणि ताई नजर समोर ठेवून, मी सोडलेल्या जागेवर हात टेकवून माझी वाट बघत होती.